आकाशातील दगडांचा वकील

लोणारचे सरोवर अशनी आदळून झाले, हे आज वऱ्हाडातले शाळकरी पोरही सांगते. पण आकाशातून दगड पडतात, असे १७९४ मध्ये पुस्तक लिहून सांगणाऱ्या जर्मन अर्न्स्ट क्लाडनीला विद्वान हसले होते. १७५६ मध्ये जन्मलेला क्लाडनी वडिलांच्या हट्टाखातर कायदा शिकला. त्यांच्या निधनानंतर विज्ञानाकडे वळला. १७९८ मध्ये बनारसजवळ दगड पडले. इंग्रज रसायनज्ञ हॉवर्डने ते तपासले; त्यांतील लोखंडात निकेल सापडले आणि क्लाडनी खरा ठरू लागला. कायम नोकरी त्याला कधीच मिळाली नाही. १८२७ मध्ये तो वारला. त्याचा संग्रह बर्लिनला गेला. तेथेच गुस्ताव रोझने १८६४ मध्ये अशनींचे वर्गीकरण प्रसिद्ध केले.

घराण्यात कॉलेजात आलेला मी पहिलाच; नोकरीचे काय, असे घरी विचारतात. नोकरी हवीच, पण तिच्यावाचूनही विद्या वाया जात नाही, हे मी क्लाडनीकडून शिकलो.