ठिपक्यांतून रेणू दाखविणारे गिल्बर्ट लुईस



जाबिर इब्न हय्यान यांच्यासारख्या जुन्या रसायनविदांची चरित्रे आपण आवडीने वाचतो, आणि ती वाचलीच पाहिजेत. आज मात्र मी अशा एका शास्त्रज्ञाची ओळख करून देणार आहे, ज्यांचे काम तुमच्या वहीत नेहमी उतरते, पण ज्यांचे नाव पुष्कळांना ठाऊक नसते. रेणूची इलेक्ट्रॉन-ठिपका आकृती काढताना मूलद्रव्याच्या संज्ञेभोवती आपण जे ठिपके मांडतो, ती रीत गिल्बर्ट न्यूटन लुईस यांची होय.

लुईस यांचा जन्म २३ ऑक्टोबर १८७५ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात वेमथ येथे झाला. पुढे १८८४ साली हे कुटुंब नेब्रास्का राज्यातील लिंकन या गावी गेले. मुलगा बराच मोठा होईपर्यंत त्याचे शिक्षण घरीच, आईवडिलांच्या देखरेखीखाली झाले. पालकांनी एवढे ध्यानात घ्यावे, की त्या घरात प्रयोगशाळा नव्हती. मुलाजवळ बसून वाचून घेणारी माणसे होती. हार्वर्ड विद्यापीठातून १८९९ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली, जर्मनीत लाइपझिग व गॉटिंगेन येथे काही काळ अभ्यास केला आणि ते परत हार्वर्डलाच शिकवू लागले.

ठिपक्यांचा जन्म येथेच, वर्गातील अडचणीतून झाला. १९०२ साली नवशिक्या विद्यार्थ्यांना मूलद्रव्यांचे आवर्ती कोष्टक समजावून देताना लुईस यांनी अणूसाठी घनाची आकृती काढली. घनाला आठ कोपरे. प्रत्येक कोपऱ्यावर एक इलेक्ट्रॉन. सोडियमचा एकच कोपरा भरलेला, क्लोरीनचे सात. सोडियमने आपला एक दिला, की क्लोरीनचे आठ पुरे होतात. इलेक्ट्रॉनचा शोध लागून तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या कल्पनेचे धाडस कळते. परंतु हार्वर्डमध्ये अशा विचारांना उत्तेजन नव्हते. त्या आकृत्या कागदांतच राहिल्या, आणि त्या एक-दोन नव्हे, चौदा वर्षे!

मधल्या काळात ते फिलिपाइन्समध्ये मनिला येथे वजने व मापे यांचे अधीक्षक होते, नंतर मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत होते, आणि १९१२ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील रसायन विभागात आले ते कायमचे.

१९१६ साली त्यांचा अणू व रेणू यांवरील निबंध प्रसिद्ध झाला. दोन अणू एका इलेक्ट्रॉन-जोडीत भागीदार होतात आणि ती जोडी म्हणजेच रासायनिक बंध, हा त्याचा गाभा. दोन घनांची एक कड सामाईक झाली तर एकेरी बंध, एक बाजू सामाईक झाली तर दुहेरी बंध. तिहेरी बंध मात्र घनांनी दाखविता येईना. तेव्हा आपल्या लाडक्या घनाला चिकटून न बसता लुईस यांनी आठ इलेक्ट्रॉनांच्या चार जोड्या केल्या. आपण कागदावर ठिपके जोडीजोडीने मांडतो, ते यामुळेच.

आता पेन्सिल हाती घ्या. ऑक्सिजनचे बाहेरचे इलेक्ट्रॉन सहा, दोन हायड्रोजनचे मिळून दोन; पाण्यात एकूण आठ. दोन जोड्या बंधांत जातात, दोन ऑक्सिजनजवळ मोकळ्या उरतात. हे सोपे झाले. कार्बन डायऑक्साइड घ्या. कार्बनचे चार आणि दोन ऑक्सिजनचे बारा, म्हणजे सोळा. दोन्हीकडे एकेरी बंध काढून ऑक्सिजनचे आठ-आठ पुरे करा. सोळाही संपतात, आणि कार्बनजवळ फक्त चार राहतात. मग प्रत्येक ऑक्सिजनने आपली एक मोकळी जोडी मधे सरकवावी, म्हणजे दोन दुहेरी बंध होऊन तिघांचेही आठ भरतात. आमची मुले ही आकृती पाठ करतात आणि परीक्षेत एखादा ठिपका गाळतात. पाठ कशाला करायची? हा तर सरळ हिशेब आहे. बेरीज येणाऱ्याला तो येतो.

अर्थात हिशेब म्हणजे अणूचे छायाचित्र नव्हे. बोरॉन ट्रायफ्लुओराइडमध्ये बोरॉनजवळ सहाच इलेक्ट्रॉन असतात. नायट्रिक ऑक्साइडची बेरीज अकरा, म्हणजे विषम. एक इलेक्ट्रॉन जोडीविना राहणारच. ऑक्सिजन वायूची आकृती तर सुबक येते, पण द्रवरूप ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला जातो, त्याचे कारण त्या आकृतीत सापडत नाही. नियमातील अशा उणिवा लुईस यांनाही ठाऊक होत्या.

१९१९ पासून अर्व्हिंग लँगम्यूर यांनी हा सिद्धांत व्याख्यानांतून गाजविला, इतका की लोक तो त्यांच्याच नावाने ओळखू लागले. लुईस यांना हे बोचले, आणि ते बोचणे स्वाभाविक होते. लँगम्यूर यांना १९३२ साली वेगळ्या कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. लुईस यांचे नाव अनेकदा सुचविले गेले, परंतु ते पारितोषिक त्यांना कधीच मिळाले नाही. त्यांच्या हाताखाली बर्कलीत तयार झालेल्या युरी, जिओक आणि सीबोर्ग यांना मात्र मिळाले. पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकविण्यात ज्येष्ठ प्राध्यापकांनीही भाग घ्यावा, ही त्या विभागाची पद्धत होती. मला विचाराल तर लुईस यांच्या निबंधांइतकेच मोल मी या पद्धतीला देईन.

आम्ल आणि आम्लारी यांची इलेक्ट्रॉन-जोडीवर आधारलेली व्याख्या त्यांचीच. जड पाणीही त्यांनी १९३३ साली शुद्ध रूपात मिळविले. २३ मार्च १९४६ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, बर्कलीच्या प्रयोगशाळेत काम करीत असतानाच त्यांचे निधन झाले. तेथील रसायनशास्त्राच्या एका इमारतीला आज त्यांचे नाव आहे.