वासुदेव बळवंत आणि पळस्प्याची लूट

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले की प्रथम पळस्पे येते आणि पुढे थोड्याच अंतरावर शिरढोण. शिरढोण हे आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव म्हणून सर्वांस परिचित आहे. १८७९ च्या मे महिन्यात पळस्प्यावर त्यांच्याच साथीदारांनी दरोडा घातला होता, हे मात्र आज क्वचितच कोणास आठवत असेल. या दोन गावांचा इतिहास एकत्र वाचला पाहिजे.

वासुदेव बळवंतांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ चा. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. कल्याण, मुंबई व पुणे येथे शिक्षण झाल्यावर पुण्यातील लष्करी हिशेब खात्यात त्यांनी अनेक वर्षे कारकुनी केली. आई अत्यवस्थ असता रजा वेळेवर मिळाली नाही आणि मातेचे अंत्यदर्शन त्यांना घडले नाही. हा घाव त्यांच्या मनातून कधी गेला नाही. न्यायमूर्ती रानडे यांच्या व्याख्यानांतून देशाच्या दारिद्र्याचे अर्थकारण त्यांना उमगले, लहुजी वस्तादांच्या तालमीत शस्त्रविद्या मिळाली, आणि १८७६-७७ च्या दुष्काळाने उरलासुरला संयमही संपविला.

फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूर तालुक्यातील धामारी येथे पहिला दरोडा पडला. बंडासाठी पैसा हवा होता. तो सावकार व धनिकांकडून घ्यावयाचा असा बेत होता. मे महिन्यात दौलतराव नाईक यांच्या टोळीने कोकणात उतरून पळस्पे व चिखली ही गावे लुटली. लूट सुमारे दीड लाख रुपयांची असल्याचे सांगतात. परतीच्या वाटेवर मेजर डॅनियलच्या तुकडीशी झालेल्या चकमकीत दौलतराव ठार झाले आणि बंडाचा कणाच मोडला. सोबत्यांपैकी अनेकांना स्वराज्यापेक्षा लुटीचीच ओढ अधिक, ही खंत खुद्द वासुदेव बळवंतांनी आपल्या आत्मवृत्तात नोंदविली आहे. जुलैमध्ये ते पकडले गेले. पुण्यातील खटल्यात सार्वजनिक काकांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. जन्मठेप काळ्या पाण्याची झाली, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला.

या खटल्याकडे पाहता एक गोष्ट ध्यानात येते. सरकारच्या दृष्टीने अपराध घडला होता तो सरकारविरुद्ध. ज्यांची घरे फुटली ते केवळ साक्षीदार. त्या काळच्या कायद्यात भरपाईचा विचार होता तो आरोपीकडून वसूल होणाऱ्या दंडापुरता. १८९८ च्या संहितेतील ५४५ वे कलमही त्याच जातीचे. पण जो एडनला गेला, त्याच्याकडून कोणी काय वसूल करावे? वासुदेव बळवंतांची थोरवी यामुळे तसूभरही कमी होत नाही. परंतु एखाद्याच्या हेतूचे मोल कितीही मोठे असले तरी दुसऱ्याचे झालेले नुकसान त्याने भरून येत नाही, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

कायदा हाती घेऊ नका असे राज्य नागरिकास बजावते आणि संरक्षणासाठी कर घेते. संरक्षण अपुरे पडले तर हानीचा वाटाही त्याने उचलला पाहिजे. न्यूझीलंडने १९६३ मध्ये तसा कायदा केला, ब्रिटनने १९६४ मध्ये योजना आखली. आपल्याकडे हे तत्त्व कायद्यात आले ते २००८ च्या दुरुस्तीने. ३५७-अ हे कलम २००९ च्या अखेरीस अंमलात आले. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे ३९६ वे कलम त्याची जागा घेते. महाराष्ट्राची नुकसानभरपाई योजना २०१४ ची आहे.

या तरतुदीचे मर्म असे की, आरोपी सापडला नाही तरी पीडितास किंवा त्याच्या वारसांस जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. प्राधिकरणाने दोन महिन्यांत चौकशी पुरी करावयाची असते, आणि तातडीच्या उपचारासाठी अंतरिम साहाय्यही देता येते. अर्थात ही योजना मुख्यतः जीवित व शरीर यांच्या हानीसाठी आहे. लुटलेल्या मालमत्तेसाठी आजही मुख्य भिस्त आरोपीकडून मिळणाऱ्या दंडावर व हस्तगत झालेल्या मुद्देमालावरच. पळस्प्याच्या गाऱ्हाण्याला पुरते उत्तर अजून मिळालेले नाही, ते असे.

पण जे मिळू शकते तेही मागितल्यावाचून सहसा पदरी पडत नाही. फिर्याद नोंदविली की आपले काम संपले, असे समजून कितीतरी कुटुंबे घरी बसतात. पनवेलच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे चौकशी करता येते, अलिबागला जिल्हा प्राधिकरण आहे. शेजारच्या घरी असा प्रसंग ओढवला तर सांत्वनाला जाणाऱ्या शिक्षकाने वा कारकुनाने एवढी माहिती सोबत न्यावी आणि अर्ज लिहून द्यावा. कारण ही भीक नव्हे, हक्क आहे.