मक्याच्या शेतातले मराठी मास्तर

आमच्या हमरापूरमधून दरवर्षी गणपतीच्या मूर्ती परदेशी जातात आणि आपल्या कॉलेजमधून इंजिनीअर! व्हिसा, जीआरई, स्कॉलरशिप हे तर कँटीनमधले रोजचे विषय. पण परक्या देशात जाऊन तिथल्या लोकांचं शिक्षक होणं म्हणजे काय, हे समजून घ्यायचं असेल तर वर्ध्यात जन्मलेल्या डॉ. पांडुरंग खानखोजे यांचं आयुष्य वाचायला हवं.

खरं तर खानखोजे मास्तर व्हायला निघालेच नव्हते. टिळकांच्या विचारांनी भारावलेल्या या तरुणाला इंग्रजांशी लढायचं होतं आणि त्यासाठी लष्करी शिक्षण हवं होतं. 1906च्या सुमारास त्यांनी घर सोडलं आणि जपानमार्गे अमेरिका गाठली. तिथे ते सैनिकी शाळेत शिकले आणि सोबत शेतीशास्त्रही. 1913 साली अमेरिकेतल्या भारतीयांनी गदर पार्टी उभी केली, तिच्या सुरुवातीच्या लोकांमध्ये ते होते. पहिल्या महायुद्धात ते थेट इराणपर्यंत पोचले आणि इंग्रज फौजेशी लढले. पण उठाव फसला. त्यांचं नाव इंग्रजांच्या काळ्या यादीत गेलं आणि घरी परतायची वाटच बंद झाली.

आता करायचं काय? हातात दोन विद्या होत्या, बंदूक आणि शेती. त्यातली दुसरी उपयोगी पडली. 1920च्या दशकात ते मेक्सिकोत गेले आणि राजधानीजवळच्या चापिंगो इथल्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. मेक्सिकोत नुकतीच मोठी क्रांती होऊन गेली होती. गरीब शेतकऱ्यांना जमिनी मिळू लागल्या होत्या, पण नुसती जमीन मिळून पोट भरत नाही. चांगलं बियाणं हवं, ते वापरायचं ज्ञान हवं. मातृभाषा मराठी असलेला हा माणूस तिथल्या मुलांना स्पॅनिशमध्ये शिकवू लागला.

वर्गातच थांबले असते तर तेही आपल्यासारखेच एक नोकरदार झाले असते. पण त्यांनी गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा सुरू केल्या. मका हे मेक्सिकोचं मुख्य अन्न, म्हणून संशोधनही मक्यावर. तेओसिंते नावाचं एक रानगवत मक्याचा पूर्वज मानलं जातं. त्याचा आणि मक्याचा संकर त्यांनी करून पाहिला. अनेक छोट्या कणसांचा एकच झुबका असलेल्या 'ग्रानादा' मक्याचा त्यांनी अभ्यास केला. दुष्काळात आणि थंडीत टिकणाऱ्या वाणांवरही काम केलं. तीना मोदोत्ती या नावाजलेल्या छायाचित्रकार बाईने त्यांच्या मक्याचे फोटो काढले. दिएगो रिवेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराने मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या इमारतीतल्या भिंतीवर त्यांचं चित्र रंगवलं. त्यात खानखोजे टेबलाशी बसून लोकांना भाकरी वाटतायत. परदेशी शिक्षकाचा यापेक्षा मोठा सन्मान कोणता?

1936 मध्ये त्यांनी ज्याँ सिंदिक या बेल्जियन तरुणीशी लग्न केलं. दोन मुली झाल्या. संसार तिकडे रुजला, पण मन इकडेच होतं. 1947 साली देश स्वतंत्र झाला आणि आता तरी घरी जाता येईल असं वाटलं. पण ज्या देशासाठी आयुष्य पणाला लावलं, त्याच देशाचा व्हिसा त्यांना सुरुवातीला नाकारला गेला! इंग्रजांची जुनी बंदी आपल्या सरकारी कागदांत तशीच चिकटून राहिली होती. हे वाचताना खरंच चीड येते. पुढे बंदी उठली, ते नागपूरला आले आणि 22 जानेवारी 1967 रोजी तिथेच वारले. 1960च्या दशकात मेक्सिकोतलंच गव्हाचं बियाणं भारतात येऊन हरितक्रांती सुरू झाली. ते काम नॉर्मन बोरलॉग यांचं. पण त्याच मातीत कितीतरी आधी एक मराठी माणूस राबत होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

2022 मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा बसला. त्यांची मुलगी सावित्री साहनी यांनी त्यांचं चरित्रही लिहिलंय.

दोस्तांनो, परदेशी जरूर जा. डॉलर कमवा, नाव कमवा. पण तिथल्या माणसांची भाषा शिका, त्यांच्या ताटात काय आहे ते बघा आणि आपल्याजवळचं काहीतरी त्यांना देऊन या. खानखोजे मास्तरांनी परक्या मुलखात जाऊन नेमकं हेच केलं. त्यांना मनापासून सलाम!