कॉर्नेलिया सोराबजी

परदेशीं विद्यार्जनास जाऊं इच्छिणाऱ्यांनीं कॉर्नेलियाबाईंचें चरित्र जाणावें, असें आम्हांस वाटतें. त्यांचा जन्म १८६६ सालीं नाशिक येथें ख्रिस्ती कुटुंबांत झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत त्या पहिल्या आल्या. परंतु स्त्री म्हणून विलायतेची सरकारी शिष्यवृत्ति त्यांस नाकारण्यांत आली. तेव्हां हितचिंतकांनीं वर्गणी जमविली व १८८९ सालीं त्या ऑक्सफर्डास गेल्या. १८९२ सालीं बी. सी. एल. ही कायद्याची परीक्षा देणाऱ्या तेथील पहिल्या स्त्री त्याच होत. मात्र स्त्रियांस पदवी देण्याचा तेव्हां प्रघात नव्हता. ती १९२२ सालीं मिळाली. मधलीं तीस वर्षें त्या पडद्यांतील विधवा व अनाथ बालकें यांच्या मालमत्तेच्या रक्षणार्थ झटल्या. १९५४ सालीं त्या निवर्तल्या. पदवीपूर्वींच त्यांची विद्या दीनांच्या कामीं आली, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानीं धरावें.