शिकारी ते रक्षक : जिम कॉर्बेट
नैनिताल येथे २५ जुलै १८७५ रोजी जन्मलेल्या कॉर्बेट यांनी बालपणीच बंदूक हाती घेतली. १९०७ मध्ये त्यांनी ४३६ बळींची नोंद असलेली चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिचे उजवे सुळे कुणा शिकाऱ्याच्या जुन्या गोळीने तुटलेले आढळले. नैसर्गिक भक्ष्य दुरावल्याने ती माणसांकडे वळली होती. पुढे ते बंदुकीपेक्षा कॅमेऱ्यात अधिक रमले. त्यांच्या पुढाकारामुळे १९३६ मध्ये देशातील पहिले राष्ट्रीय उद्यान साकारले. केनियात १९ एप्रिल १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. वाघाच्या शौकिया शिकारीवर १९७० मध्ये बंदी आली. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा शुभारंभ झाला, तो कॉर्बेट यांच्याच नावाच्या उद्यानातून!