गुणपत्रकांचे गणित : प्रा. महालनोबिस

प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस म्हटले की दुसरी पंचवार्षिक योजना आठवते. पण संख्याशास्त्रात त्यांचे पहिले पाऊल पडले ते परीक्षेच्या गुणांमुळे, हे आपल्या पालकांना ठाऊक असावे.

जन्म २९ जून १८९३, कलकत्ता. केंब्रिजला पदार्थविज्ञान शिकून १९१५ साली परत निघाले, तो युद्धामुळे बोट लांबली. तेवढ्यात ‘बायोमेट्रिका’चे अंक पाहण्यात आले. सगळा संच विकत घेऊन त्यांनी बोटीवरच वाचावयास काढला. प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवीत असता १९१७ साली आचार्य ब्रजेंद्रनाथ सील यांनी कलकत्ता विद्यापीठाच्या परीक्षांचे निकाल तपासण्याचे काम त्यांच्यावर सोपविले. एकट्या मुलाचे गुण पाहून त्याला हुशार किंवा ढ ठरविणे सोपे असते. हजारोंचे गुण एकत्र मांडले, तर पेपर अवघड होता की तपासणारा कडक, हेही पडताळता येते. (मुलावर रागावण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे!)

पुढे कॉलेजातील त्यांच्या खोलीतच प्रयोगशाळा निघाली व डिसेंबर १९३१ मध्ये भारतीय संख्याशास्त्र संस्था स्थापन झाली. ढाका विद्यापीठाचे काझी मोतहर हुसेन तेथेच शिकले आणि ढाक्यात त्यांनी हा विषय रुजविला. महालनोबिस २८ जून १९७२ रोजी निवर्तले. प्रेसिडेन्सीत तीस वर्षांहून अधिक काळ ते प्राध्यापक होते, ते मात्र पदार्थविज्ञानाचे.