विश्लेषण : मार्क वाचवणारे ह्यालमार शाख्त हिटलरसाठी पैसा कसा उभारत गेले?

नोव्हेंबर १९२३ मध्ये बर्लिनमध्ये एका पावाची किंमत सुमारे २० हजार कोटी मार्कांवर पोहोचली होती. एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क मोजावे लागत. अशा वेळी जर्मन सरकारने ४६ वर्षांच्या एका बँकरला चलन आयुक्त नेमले. पुढे काही महिन्यांत मार्क स्थिरावला आणि ह्यालमार शाख्त यांना ‘जादूगार’ म्हटले जाऊ लागले. याच माणसाने दहा वर्षांनी हिटलरच्या शस्त्रसज्जतेसाठी पैशाची वाट काढून दिली.

शाख्त कोण होते?

२२ जानेवारी १८७७ रोजी टिंगलेफ या गावी त्यांचा जन्म झाला. हे गाव तेव्हा जर्मनीत होते, आता डेन्मार्कमध्ये आहे. आईवडील काही वर्षे अमेरिकेत राहून आले होते, म्हणून मुलाच्या नावात होरेस ग्रीली या अमेरिकी संपादकाचे नाव घातले गेले. वैद्यकापासून भाषाशास्त्रापर्यंत बरेच विषय चाळून झाल्यावर शाख्त यांनी अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि १९०३ मध्ये ड्रेस्डनर बँकेत नोकरी धरली. पहिल्या महायुद्धानंतर उदारमतवादी जर्मन डेमोक्रॅटिक पक्षाच्या स्थापनेत ते होते. म्हणजे सुरुवात प्रजासत्ताकाच्या बाजूने झाली होती.

मार्क एवढा कोसळला कशाने?

युद्धाचा खर्च करांऐवजी मुख्यतः कर्जातून भागवला गेला होता. त्यावर व्हर्सायच्या तहानुसार नुकसानभरपाईचा बोजा आला. भरपाई थकली म्हणून जानेवारी १९२३ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियमच्या फौजा रूहर या कोळसा-पोलादाच्या पट्ट्यात शिरल्या. तिथल्या कामगारांनी काम बंद केले, त्यांचे पगार सरकारने द्यायचे ठरवले आणि त्यासाठी नोटा छापल्या. मध्यवर्ती बँक असलेली राइशबँक मागेल तेवढ्या नोटा पुरवत राहिली. ज्यांच्याकडे जमीन किंवा कारखाना होता, ते तरले. ज्यांची पुंजी बँकेत, रोख्यांत किंवा निवृत्तिवेतनात होती, त्यांचे आयुष्यभराचे पैसे एका पावाच्याही मोलाचे राहिले नाहीत. या मध्यमवर्गाचा प्रजासत्ताकावरचा विश्वास उडाला, तो पूर्णपणे कधी परतलाच नाही.

रेंटेनमार्कने काय बदलले?

१५ नोव्हेंबर १९२३ रोजी रेंटेनमार्क हे नवे चलन आले. एक रेंटेनमार्क म्हणजे १ लाख कोटी जुने मार्क. देशाकडे पुरेसे सोने नव्हते, म्हणून शेतजमीन आणि उद्योग यांच्यावर गहाणखत बसवून ते चलनाचे तारण दाखवले गेले. अर्थात नोट घेऊन कोणी जमिनीचा तुकडा मागायला गेला असता, तर तो मिळणार नव्हता. खरा आधार वेगळाच होता : किती नोटा काढायच्या याची मर्यादा ठरली आणि सरकारला छापखान्याकडे जाण्याची वाट बंद झाली.

ही कल्पना शाख्त यांची नव्हती, हे सहसा विसरले जाते. आराखड्याचे मूळ कार्ल हेल्फरिख यांच्याकडे जाते, तो अंमलात आणला अर्थमंत्री हान्स लुथर यांनी. शाख्त यांना तर सोन्यावर आधारलेले चलन हवे होते. पण नवे चलन टिकवण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि तिथे त्यांचा हट्टीपणा उपयोगी पडला. अर्थखात्यातल्या एका अंधाऱ्या खोलीत एका सचिव महिलेला सोबत घेऊन ते बसत आणि दिवसभर फोन करत. पालिका आणि कंपन्या स्वतःच्या आपत्कालीन नोटा छापत होत्या. त्या राइशबँकेने स्वीकारणे थांबवले. कोलोनमधल्या काळ्या बाजारात डॉलर अधिकृत दराच्या दुपटीहून वर गेला, तरी शाख्त हलले नाहीत. सट्टेबाजांनाच शेवटी तोट्यात डॉलर विकावे लागले. डिसेंबरमध्ये ते राइशबँकेचे अध्यक्ष झाले.

मग हिटलरकडे का वळले?

१९२४ च्या डॉज योजनेनंतर अमेरिकी कर्जे आली, कारखाने चालू झाले. शाख्त मात्र या उसन्या पैशाबद्दल इशारे देत होते, आणि त्यात ते बरोबर होते. १९२९ मध्ये नुकसानभरपाईच्या यंग योजनेवर त्यांनी सही केली, नंतर तिलाच विरोध करून मार्च १९३० मध्ये पद सोडले. मंदीत परदेशी कर्जे आटली, १९३१ च्या उन्हाळ्यात बँका कोसळल्या, १९३२ च्या सुरुवातीला बेकार ६० लाखांवर गेले. शाख्त एव्हाना उजव्या गोटात पोहोचले होते. हिटलरला चॅन्सेलर करावे, या राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांना पाठवलेल्या निवेदनावर त्यांची सही होती. फेब्रुवारी १९३३ मध्ये उद्योगपतींकडून नाझींच्या निवडणूक निधीची रक्कमही त्यांनीच गोळा केली. पुढच्याच महिन्यात ते राइशबँकेत परतले आणि ऑगस्ट १९३४ मध्ये अर्थव्यवहार मंत्रीही झाले.

मेफो हुंड्या म्हणजे काय?

व्हर्साय तहाने शस्त्रनिर्मितीवर बंधने होती, अंदाजपत्रकात खर्च दाखवता येत नव्हता. म्हणून क्रुप, सीमेन्स यांच्यासह चार कंपन्यांच्या नावे अवघ्या १० लाख मार्क भांडवलाची ‘मेफो’ ही नावापुरती संस्था काढली गेली. शस्त्रे पुरवणारा कारखाना तिच्यावर हुंडी काढे, बँका ती वटवत, आणि राइशबँक हमी देई. हुंडी तीन महिन्यांची. पण मुदत पाच वर्षांपर्यंत वाढवता येई. १९३८ पर्यंत अशा १,२०० कोटी मार्कांच्या हुंड्या निघाल्या. आयातीवर परवाने लावले गेले, परकीय चलन वाचवण्यासाठी अनेक देशांशी मालाच्या बदल्यात मालाचे करार झाले. १९३७ मध्ये बेकार १० लाखांच्या आसपास उरले. यात आधीच्या सरकारांनी आखलेल्या बांधकामांचाही वाटा होता, पण मोठी मागणी बंदुकांची आणि विमानांची होती.

ज्यूंवरील रस्त्यावरच्या हल्ल्यांबद्दल शाख्त तक्रार करत. मात्र त्यांचा आक्षेप मुख्यतः व्यापाराला बसणाऱ्या फटक्यावर होता. ज्यूंना कायद्याने बाजूला सारणाऱ्या सरकारात ते मंत्री म्हणून बसून राहिले.

बिनसले कुठे?

हुंड्या फेडायची वेळ आली, तेव्हा शस्त्रखर्च कमी करा, असे शाख्त सांगू लागले. हिटलरने १९३६ मध्ये अर्थव्यवस्थेची सूत्रे गोअरिंगकडे दिली. शाख्त यांनी नोव्हेंबर १९३७ मध्ये मंत्रालय सोडले. जानेवारी १९३९ मध्ये राइशबँकेच्या संचालकांनी चलनफुगवा येतो आहे, असा लेखी इशारा दिला आणि शाख्त यांची हकालपट्टी झाली. तरीही बिनखात्याचे मंत्री म्हणून ते १९४३ पर्यंत राहिले. जुलै १९४४ मध्ये हिटलरवरील हल्ल्याचा कट फसल्यावर त्यांना अटक झाली. युद्धाचा शेवट त्यांनी छळछावण्यांत पाहिला.

न्यूरेंबर्गमध्ये काय ठरले?

देशाला शस्त्रसज्ज करणे हा स्वतःहून गुन्हा नाही आणि आक्रमक युद्धाची योजना त्यांना माहीत होती हे सिद्ध होत नाही, असे म्हणत न्यायालयाने १९४६ मध्ये त्यांना निर्दोष सोडले. सोव्हिएत न्यायाधीशांनी यावर असहमती नोंदवली. जर्मन नाझीनिर्मूलन न्यायालयाने नंतर आठ वर्षांची शिक्षा दिली, पण अपिलानंतर १९४८ मध्ये ते सुटले. पुढे त्यांनी ड्युसेलडॉर्फमध्ये स्वतःची बँक काढली, नवस्वतंत्र देशांना सल्ले दिले. ३ जून १९७० रोजी, ९३ व्या वर्षी, म्युनिकमध्ये त्यांचा मृत्यू झाला. १९२३ मध्ये तात्पुरता म्हणून आलेल्या रेंटेनमार्कच्या नोटा मात्र, ते तुरुंगातून सुटले त्याच १९४८ साली, नव्या डॉइश मार्कबरोबर चलनातून गेल्या.